इंजिनाला एक गुण

जुन्या बुलेटच्या चासीत केटीएम ड्यूकचं ३९० इंजिन बसवायचं, हँडल खाली घ्यायचं, सीट एकट्यापुरती कापायची आणि गाडीला कॅफे रेसर म्हणायचं, एवढं ऐकलं की सगळं काम इंजिनाचं वाटतं. करणारा फुशारकी इंजिनाचीच मारतो आणि अडवणाराही आधी इंजिन नंबरच बघतो. दोघांचंही लक्ष चुकीच्या जागी आहे, असं माझं मत आहे. कारखान्यातून आलेलं इंजिन हा अशा गाडीतला सगळ्यात भरवशाचा भाग. धोका असतो तो वर्कशॉपमध्ये मारलेल्या वेल्डिंगमध्ये, ब्रेकमध्ये आणि वायरिंगमध्ये. आपला कायदा मात्र गाडी कंपनीने बनवली तशीच आहे ना, एवढंच विचारतो. ती धड आहे का, हे विचारत नाही. हा प्रश्न बदलायला हवा, आणि तसं म्हणण्याचा हक्क सातारा-सांगलीला इतर कुणापेक्षा कमी नाही.

इंजिनबदल हा कॅफे रेसरला मागाहून चिकटलेला चाळा नव्हे. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरचं एस कॅफे १९३८ साली सुरू झालं. पन्नास-साठच्या दशकांत तिथे जमणाऱ्या पोरांना ताशी शंभर मैलांचं वेड होतं, आणि त्या वेडातून निघालेली सगळ्यात गाजलेली गाडी म्हणजे ट्रायटन: चासी नॉर्टनची, इंजिन ट्रायम्फचं. नॉर्टनची १९५०ची ‘फेदरबेड’ चासी वळणावर पक्की. ट्रायम्फचं दोन सिलिंडरचं इंजिन जोरकस. दोन कंपन्यांच्या दोन चांगल्या गोष्टी एकत्र आणायच्या, एवढाच तो विचार होता. ज्याला नुसतं रूप हवं आहे, त्याने खुशाल शोरूममध्ये जावं. रॉयल एनफिल्डची ६४८ सीसीची काँटिनेंटल जीटी २०१८पासून मिळते आणि तिच्यासाठी आरटीओशी हुज्जत घालावी लागत नाही.

दुसऱ्याचं यंत्र उघडून आपलं यंत्र करायला शिकणं ही सातारा-सांगलीच्या पट्ट्यातली जुनी रीत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, तिथून ते लोखंडी नांगराकडे वळले आणि औंध संस्थानाने दिलेल्या माळावर १९१०मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्याचा प्रवासही नांगरापासून डिझेल इंजिनापर्यंत झाला. पुढे १९७५मध्ये बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळाच्या भागीदारीतून महाराष्ट्र स्कूटर्सची स्थापना झाली आणि साताऱ्याच्या कारखान्यातून ‘प्रिया’ स्कूटर बाहेर पडू लागली. डिसेंबर २०२१मध्ये देशभर गाजली ती किर्लोस्करवाडीच्या शेजारच्या कडेगाव तालुक्यातली, देवराष्ट्र्याची गाडी. दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून, दुचाकीचं इंजिन वापरून, किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली होती, खर्च सुमारे साठ हजार रुपये. आनंद महिंद्रांनी तिचं जाहीर कौतुक केलं, पण ही नियमात बसत नाही, प्रशासन कधी ना कधी ती थांबवणारच, हेही स्पष्ट लिहिलं. त्यांनी बदल्यात बोलेरो देऊ केली, जीप आपल्या संशोधन केंद्रात ठेवायचं ठरवलं आणि जानेवारी २०२२मध्ये लोहार कुटुंबाला नवी गाडी मिळाली. शेवट गोड झाला. पण त्या जीपचा ब्रेक किती अंतरात लागतो, वळणावर ती किती कलते, ही चर्चा या सगळ्या कौतुकात कुठे दिसली नाही. तिला शाबासकी मिळाली, तपासणी नाही.

तपासणीत काय बघायला हवं, हे बुलेटच्याच उदाहरणावरून सांगतो. जुन्या लोखंडी इंजिनाच्या ३५० बुलेटची ताकद १८ अश्वशक्तीच्या आसपास. ड्यूक ३९०ची ४३ पेक्षा जास्त. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. नवं इंजिन बसलं की गिअर डावीकडे येतो, म्हणजे ब्रेकचं पेडल उजवीकडे न्यावं लागतं. पण मागचा ड्रम तर चेनच्या बाजूला, डावीकडेच आहे. मग चासीतून आडवा दांडा टाकून उजव्या पायाचा जोर डावीकडे पोचवायचा. त्या दांड्याचे बुश ढिले असले, किंवा दांडाच दाबाखाली पिळवटला, तर निम्मा जोर वाटेतच जिरतो. पुढची गोष्ट चेनची. पुढचं आणि मागचं स्प्रॉकेट एका रेषेत हवं, पट्टी लावून बघितलं तरी फरक कळतो. शिवाय पुढचं स्प्रॉकेट स्विंगआर्मच्या पिनपासून जितकं लांब जाईल, तितकी मागचं चाक खालीवर होताना चेन जास्त ताणते आणि जास्त सुटते. चालत्या गाडीची चेन उतरून चाकात अडकली, तर इंजिन कुठल्या कंपनीचं होतं याला काही अर्थ उरत नाही. ब्रेकचा हिशेब तर शाळेतल्या विज्ञानाचा आहे. वेग ताशी ८० वरून १२० किलोमीटरवर गेला, की जिरवावी लागणारी ऊर्जा सव्वादोन पट होते; ड्रम मात्र तोच राहतो. आणि वायरिंग: फ्युएल इंजेक्शनचं इंजिन म्हणजे ईसीयू, पेट्रोल पंप, ऑक्सिजन सेन्सर आणि गाडी आडवी झाली की इंजिन बंद करणारा सेन्सर. त्यातला शेवटचा ‘त्रास देतो’ म्हणून बायपास केला, तर पडलेल्या गाडीचं इंजिन चालूच राहू शकतं.

कायदा यातलं काहीच मोजत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार गाडीचा मूळ तपशील कंपनीने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि केरळमधून आलेल्या के. जयचंद्र प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हे कलम कडकपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफाराला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड ठेवला. गंमत अशी की याच कलमात मान्यताप्राप्त किट बसवून पेट्रोलची गाडी सीएनजीवर किंवा बॅटरीवर नेण्याची मुभा आहे. म्हणजे इंजिन काढून मोटर बसवणं तत्त्वतः मान्य. जुनं इंजिन काढून कमी धूर सोडणारं इंजिन बसवणं मात्र अमान्य. यात तर्क असलाच तर तो किटच्या आधीच झालेल्या तपासणीचा आहे, आणि मी मागतो आहे तीही तपासणीच.

ब्रिटनने हा प्रश्न बराच काळ गुण देऊन सोडवला. मूळ चासीला ५, सस्पेन्शन, ॲक्सल, ट्रान्समिशन आणि स्टीअरिंगला प्रत्येकी २, आणि इंजिनाला फक्त १. चौदापैकी किमान ८ गुण मूळ भागांचे असले तर जुना नंबर कायम. नाहीतर गाडी स्वतंत्र तपासणीला. इंजिनाला एकच गुण देणाऱ्यांना गाड्यांतलं कळत नव्हतं, असं कोण म्हणेल?

आक्षेप घेणारे म्हणतील, आपले रस्ते ब्रिटनचे नाहीत. खरं आहे. २०२२मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली आणि त्यांतली सुमारे ४४.५ टक्के दुचाकींवरची होती. पण सरसकट बंदीने इंजिनबदल थांबत नाही, तो फक्त शटरच्या आड जातो, आणि तिथे ब्रेक तपासायला कुणी येत नाही. प्रदूषणाचा आक्षेप अर्धा बरोबर आहे: बीएस-६ इंजिन स्वच्छ असतं ते त्याच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सरसकट. ते कापून मोकळा सायलेन्सर लावणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. गल्लीत फटाके फोडत जाणारी गाडी जप्त व्हावी. चोरीच्या इंजिनांची भीतीही खोटी नाही, म्हणून मूळ गाडीची कागदपत्रं आणि खरेदीची पावती नोंदणीच्या वेळीच मागावी. तपासणार कोण, याचंही उत्तर जवळच आहे. पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेकडे एकेक गाडी नेणं परवडणार नाही, पण सांगलीचं वालचंद महाविद्यालय १९४७पासून आणि कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६०पासून इथेच आहे. विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या गाड्यांच्या बाहा स्पर्धेत प्रत्येक संघाची एकुलती एक गाडी ट्रॅकवर सोडण्याआधी तपासतात, ब्रेक लावून चाकं जाम होतात का बघतात. तीच शिस्त आरटीओच्या देखरेखीखाली दुचाकीला लावता येईल.

सगळ्यात अवघड आक्षेप मिस्त्रींकडून येईल, आणि तो मला अजून पुरता खोडता येत नाही. तपासणी आली की फी आली, वेल्डिंगखाली सही आली, सहीबरोबर जबाबदारी आली. ज्याच्याकडे एक लेथ आणि एक वेल्डिंग मशीन आहे त्याच्या हातातून हे काम निसटून मोठ्या शहरातल्या चकचकीत दुकानांकडे जाईल. फी गाडीच्या किमतीवर न ठेवता बदलाच्या जोखमीवर ठेवली, म्हणजे चासीला हात न लावणाऱ्याला कमी आणि चासी कापणाऱ्याला जास्त, तर हा भार थोडा हलका होईल. सहीचा मात्र टळणार नाही. चासीवर टाका मारणाऱ्याचं नाव आज कुठल्याच कागदावर नसतं. अपघात झाला की विमा कंपनी मालकाकडे बोट दाखवते आणि मालक मिस्त्रीकडे.