शिंपल्याचं औषध शिंपल्यातच



खाडीत तराफ्याला दोर बांधून शिणाणे वाढवणाऱ्या आणि कालवं वाढवणाऱ्या गटांच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. "ताई, कोंबडीला लस आहे, शेळीला लस आहे. मग आमच्या शिंपल्यांना रोग येऊ नये म्हणून काय टोचायचं, काय घालायचं?"

प्रश्न अगदी रास्त आहे. गटाने कर्ज काढून बांबू, दोर आणि बीज घेतलेलं असतं. चार-पाच महिने पाण्यात उभं राहून बायकांनी राबलेलं असतं. आणि काढणीच्या तोंडावर शिंपले तोंड उघडून मेलेले दिसले, तर हप्ता कुठून भरायचा?

उत्तर आधीच सांगते. शिंपल्याला लस नाही. पाण्यात घालायचं औषधही नाही. पण शिंपला निराधार नाही. रोगजंतूंशी लढायची हत्यारं त्याच्या अंगातच आहेत. ती हत्यारं कोणती आणि ती बोथट कधी होतात, हे कळलं की आपलं काम काय तेही आपोआप कळतं.

आधी लस का नाही ते बघू. लस म्हणजे शरीराला दिलेली ओळखपरेड. अमुक जंतू आला तर त्याला ओळखायचं आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करायची, हे लस शरीराला शिकवते. माणूस, गाय, कोंबडी, मासा यांच्या शरीरात प्रतिपिंडं तयार होतात. शिंपल्याच्या शरीरात ती होतच नाहीत. मग शिकवायचं कुणाला?

आणि जंतूंशी गाठ तर रोजचीच. शिंपला खातो कसा? पाणी आत ओढतो, त्यातलं बारीक अन्न गाळून घेतो, उरलेलं पाणी बाहेर सोडतो. एक वाढलेला शिंपला दिवसभरात घागरी भरतील एवढं पाणी गाळतो. त्या पाण्यासोबत जंतूही आत येतात. त्यातली व्हिब्रिओ नावाची जंतूंची जात खाऱ्या आणि मचूळ पाण्यात कायमची वस्तीला असते, आणि पाणी तापलं की झपाट्याने वाढते. तरीही शिंपला जगतो, तो त्याच्या रक्तातल्या राखणदारांमुळे.

पहिले राखणदार म्हणजे रक्तातल्या पेशी. शिंपल्याचं रक्त लाल नसतं आणि ते आपल्यासारखं सगळीकडे नळ्यांतूनच फिरतं असंही नाही. ते अंगातल्या मोकळ्या जागांतून झिरपत फिरतं, त्यामुळे या पेशी कानाकोपऱ्यात पोचतात. जंतू दिसला की त्याला वेढा घालतात आणि गिळून टाकतात.

पण जंतू ओळखायचा कसा? इथे प्रथिनांचं काम सुरू होतं. प्रथिनं म्हटलं की आपल्याला डाळ आणि अंडी आठवतात. पण शरीर स्वतःही हजारो तऱ्हेची प्रथिनं बनवतं, आणि प्रत्येकाचं काम वेगळं असतं. काही प्रथिनं जंतूच्या अंगावरच्या साखरेसारख्या कणांना जाऊन चिकटतात. त्यांना लेक्टिन म्हणतात. बाजारात आपण आपल्या मेंढीला रंगाची खूण करतो तशी ही खूण झाली. खूण दिसली की पेशी जंतूला पकडते.

दुसरं प्रथिन आहे लायसोझाइम. हे तुमच्या-माझ्यातही आहे. आपल्या अश्रूंत, थुंकीत, आईच्या दुधात आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकात ते असतं. पुढे पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीच १९२२ साली ते जगापुढे आणलं, तेही सर्दीच्या रुग्णाच्या शेंबडातून! जंतूभोवती एक भिंत असते. लायसोझाइम ती भिंत कातरतं, आणि जंतू फुटतो. कालवात ते दुहेरी कामाचं आहे. पोटात ते गिळलेले जंतू पचवतं आणि अंगात राखण करतं.

तिसरी प्रथिनं आकाराने अगदी चिमुकली असतात. प्रथिन ही मण्यांची माळ समजा. मोठ्या प्रथिनात शेकडो मणी असतात, यांच्यात जेमतेम चाळीसएक. पण माळेला जागोजाग घट्ट गाठी मारलेल्या असतात, म्हणून ती सहज तुटत नाही. डिफेन्सिन आणि मायटिलिन ही त्यातली दोन नावं. १९९६ साली युरोपातल्या निळ्या शिंपल्यांच्या रक्तातून शास्त्रज्ञांनी ती वेगळी काढली. ती जंतूच्या पातळ आवरणाला चिकटतात आणि त्याला भोकं पाडतात. भोक पडलेल्या घागरीत पाणी राहत नाही, तसा जंतू रिता होऊन मरतो. कोळंबीतही अशी प्रथिनं आहेत, त्यांना पिनिडिन म्हणतात.

शिंपला ही प्रथिनं रक्तपेशींमध्ये साठवून ठेवतो. पेशीने जंतू गिळला की ती आतल्या आत त्याच्यावर सोडली जातात. म्हणजे पेशी हीच कोठी आणि पेशी हाच शिपाई. कोठीच लुटली गेली तर काय होतं?

याचं उदाहरण फ्रान्सचं आहे. तिथे कालवांची शेती फार मोठी. २००८ च्या उन्हाळ्यापासून तिथली लहान कालवं पटापट मरू लागली. काही ठिकाणी निम्मी, काही ठिकाणी जवळजवळ सगळी. मेलेल्या कालवांत विषाणूही सापडत होता आणि व्हिब्रिओसारखे जंतूही. मग दोषी कोण? २०१८ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी उलगडा केला. विषाणू आधी रक्तपेशींवरच घाला घालतो. राखण ढिली पडते, आणि मग जंतू मोकाट वाढून कालव मारतात. आपल्या खाडीतला प्रश्न तोच आहे असं मी म्हणत नाही. पण धडा आपल्या कामाचा आहे: जंतू पाण्यात असतातच, ते जिंकतात राखण ढिली पडल्यावर.

आता आपल्या दोरांकडे या. ही प्रथिनं बनवायला शिंपल्याला ताकद लागते, आणि ताकद अन्नातून येते. जो शिंपला तोंड मिटून बसलाय त्याच्या पोटात काही जात नाही. तो तोंड मिटतो कधी? पाणी एकदम गोडं झालं, फार तापलं किंवा गढूळलं की. म्हणून पाच गोष्टी सांभाळा.

एक, दाटी करू नका. कापडात बीज गुंडाळून दोराला बांधतो, थोड्या दिवसांत कापड कुजतं आणि शिंपले धाग्यांनी दोराला धरतात. त्यानंतर दोर फार भरला असेल तर विरळणी करा. भातरोपांसारखंच आहे, दाटीत कुणाचंच पोट भरत नाही.

दोन, दोर चिखलाला टेकू देऊ नका. शेवाळ आणि वर चढलेले इतर जीव वेळच्या वेळी काढा, म्हणजे पाणी खेळतं राहील.

तीन, पावसाआधी काढणी उरका. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पहिल्या मोठ्या पावसात खाडीचा खारटपणा झरकन उतरतो. चार पैसे जास्त मिळतील म्हणून थांबलेला माल अशाच वेळी जातो.

चार, बीज आणताना ते ओल्या गोणपाटात, सावलीत ठेवा. आपटू नका. मेलेले शिंपले त्याच दिवशी बाजूला काढा.

पाच, कुणी सांगितलं म्हणून अँटिबायोटिक टाकू नका. भरती-ओहोटीच्या पाण्यात औषध टिकत नाही, पण जंतू त्याला सरावतात. क्लोरॅम्फेनिकॉलसारख्या औषधांना मत्स्यशेतीत बंदीच आहे. बरेच शिंपले एकदम मेले तर मत्स्य विभागाला लगेच कळवा.

शेवटी स्वयंपाकघरातली गोष्ट. शिंपल्याची प्रथिनं शिंपल्याला वाचवतात, खाणाऱ्याला नाही. धडधाकट दिसणाऱ्या शिंपल्यातही माणसाला बाधणारे जंतू असू शकतात. म्हणून सांडपाणी येतं तिथले शिंपले घेऊ नका. शिजवण्याआधीच उघडा असलेला आणि टिचकी मारल्यावरही न मिटणारा शिंपला फेका. उकळताना तोंड उघडलं तरी आणखी चार-पाच मिनिटं उकळा. उघडलाच नाही तो टाकून द्या. गरोदर बाई, मधुमेही आणि यकृताचा आजार असलेल्यांना कच्चं किंवा अर्धवट भाजलेलं अजिबात देऊ नका. आणि खाडीचं पाणी लालसर दिसलं तर त्या दिवसांत शिंपले काढूच नका. त्यातलं विष उकळूनही जात नाही.

पुढच्या बैठकीत हप्त्याच्या वहीसोबत आणखी एक वही ठेवा. दर आठवड्याला पाणी कसं होतं, पाऊस किती पडला, दोरामागे किती शिंपले मेले, एवढंच लिहा. दोन हंगामांत तुमच्या खाडीचा स्वभाव त्या वहीत उतरेल, आणि राखण कधी ढिली पडते हे तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही.