हरण्यालाही हंगाम हवा

संघ हंगामभर हरला असे म्हणायला आधी हंगाम मिळावा लागतो. २०११ साली गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ झाले. चंद्रपूर-गडचिरोलीची महाविद्यालये नागपूर विद्यापीठाकडून त्याच्याकडे आली. पण फुटबॉलची स्पर्धा बाद पद्धतीची असली, तर १६ संघांत १५च सामने होतात आणि ८ संघ पहिल्याच सामन्यानंतर घरी जातात. भामरागडच्या पोराचे वर्ष दीड तासात संपते. चूक कळते, ती सुधारायला दुसरा सामना नसतो. ४-४ संघांचे गट पाडून साखळी खेळवली, तर प्रत्येकास ३ सामने मिळतील. गटांचे सामने २४ होतील. खर्च वाढेल, हे खरे. पण संपात हरलेला कामगार पुढच्या वाटाघाटीत शहाणा होतो, कारण त्याला पुढची वाटाघाट मिळते. पोरांनाही तेवढे मिळावे.