संच जोडण्याआधी विजेचा हिशेब

श्रोतेहो, शाळेच्या स्नेहसंमेलनाला पुरेल असा लहानसा ध्वनिवर्धक आपल्या हातांनी जोडता येईल का, असे तुमच्या मनात कधी तरी आले असेल. येतो की! सुटे भाग आणि तांब्याच्या छापील रेघांची पट्टी असा तयार संच बाजारात मिळतो. त्यांतला एक प्रकार ‘टीडीए २०३०’ या पाच पायांच्या चिपवर बेतलेला असतो.

या चिपचा जोर स्वभावतः फार. म्हणून बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा अंश परत आत आणतात आणि बैलाला कासरा लावावा तशी तिला आवरतात. २२ हजार ओहम आणि ६८० ओहम असे दोन रेझिस्टन्स वापरले, की वाढ सुमारे ३३ पट होते. डाख देणे चार दिवसांत हाताला बसते. फक्त कंडेन्सरची उणे बाजू पाहून घ्या. उलटा बसला तर फुटतो.

खरी मेख आहे ती वीजपुरवठ्यात. ही चिप अधिक १८ आणि उणे १८ व्होल्टपर्यंतच दाब सोसते. दुकानदार १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर पुढे करतो. आपण म्हणतो, बारा म्हणजे अठरापेक्षा कमीच की! पण उलटसुलट वाहणारी ही वीज डायोडमधून सरळ करून कंडेन्सरमध्ये साठवली, की ती शिखरापर्यंत चढते, म्हणजे १.४१४ पट. बाराचे झाले सतरा. त्यात लहान ट्रान्सफॉर्मर भार नसताना लिहिल्यापेक्षा जास्त दाब देतो, आणि खेड्यात रात्री उशिरा २३० चे २५० व्होल्ट झाले तर चिप गेलीच म्हणून समजा. म्हणून ९-०-९ घ्या. दोन्ही बाजूंना सुमारे बारा व्होल्ट मिळतील आणि आठ ओहमच्या स्पीकरवर पाच-सहा वॅट निघतील. वर्गाला तेवढे पुष्कळ झाले.

चिप तापते, तेव्हा तिला अ‍ॅल्युमिनियमचा जाड पत्रा हवाच. मात्र तिच्या पाठीचा धातू आतून उणे दाबाला जोडलेला असतो. मध्ये अभ्रकाचा तुकडा घाला, नाही तर लोखंडी पेटीला टेकताच सारे एकत्र व्हायचे.

पहिल्यांदा वीज देताना ट्रान्सफॉर्मरच्या वाटेत ४० वॅटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा दिवा जोडा. एलईडी चालणार नाही. दिवा क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. लखलखत राहिला तर कुठे तरी चूक आहे, प्लग काढा. ही २३० व्होल्टची बाजू वायरमनच्या देखरेखीखालीच जोडावी, विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नये. फ्यूज विसरू नका.

दिवा मंद राहिला तरी स्पीकर लगेच जोडायचा नाही. त्याच्या दोन टोकांवर मीटर धरा. आवाज नसताना तिथे एक दशांश व्होल्टहून कमी दाब दिसला पाहिजे. बारा दिसले, तर स्पीकरची गुंडाळी जळेल. आकडा नीट आला, की मग स्पीकर जोडा, आवाजाची कळ खाली ठेवा आणि सावकाश वर न्या. गुणगुण ऐकू आली तर मायक्रोफोनकडून येणारी तार ट्रान्सफॉर्मरपासून दूर सरकवून पाहा.