दारी हत्ती बांधण्यापूर्वी

माणसाची हौस कुठवर जाईल याचा नेम नाही! अमेरिकेतील हौशी मंडळी पेट्रोलवर चालणाऱ्या हलक्या पिकअप गाडीत ट्रकचे कमिन्स डिझेल इंजिन बसवितात. हे नाव पुणेकरांना परके नाही. १९६२ साली पुण्यातच किर्लोस्कर कमिन्स कंपनी निघाली. सहा सिलिंडरांचे, ५.९ लिटरचे हे धूड; वजन सुमारे ५०० किलो! १९८९ सालच्या डॉज पिकअपमध्ये कंपनीनेच ते बसविले, पण तेही जड कामाच्या नमुन्यांत.

मला कौतुक वाटते ते मागाहून येणाऱ्या खटाटोपाचे. भाराने पुढच्या स्प्रिंगा दबतात. जोर असा, की जुना क्लच आणि गिअरबॉक्स तग धरीत नाहीत. डिझेल सावकाश फिरते, म्हणून मागच्या अ‍ॅक्सलचे दातेही बदलावे लागतात.

खरा धोका मात्र डोळ्यांआड असतो. पेट्रोल इंजिन हवा ओढते, तेव्हा होणारी निर्वात पोकळी ब्रेकला हातभार लावते. डिझेलमध्ये ती मिळत नाही. निराळा पंप बसविला नाही, तर पेडल दगडासारखे घट्ट. आणि गाडी तर पूर्वीपेक्षा जड!

दारी हत्ती झुलवायचा, तर साखळदंडही तेवढाच भक्कम हवा. इंजिनाआधी ब्रेकचा हिशेब करील, त्यालाच मी कारागीर म्हणेन.