जुनं गिऱ्हाईक, चढा भाव

लेस्टर, इंग्लंड

इंग्लंडात एकट्या राहणाऱ्या आईकडे रविवारी जेवायला आलेली मुलं जेवणानंतर हल्ली बिलं काढून बसतात. विजेचं, गॅसचं, घराच्या विम्याचं, आणि सगळ्यांत किचकट म्हणजे टीव्ही, फोन आणि ब्रॉडबँडचं. हे तिन्ही बहुधा एकाच कंपनीकडून एकाच बिलात येतं आणि दर महिन्याला बँकेतून परस्पर वळतं होतं. परस्पर जातं म्हणून कुणी बघत नाही, आणि कुणी बघत नाही म्हणून वाढत राहतं.

आपल्याकडे तीस वर्षांच्या गिऱ्हाइकाला वाणी दोन पैसे कमी लावतो, निदान लावल्यासारखं दाखवतो तरी. इथल्या टेलिफोन कंपन्यांचा हिशेब बरोबर उलटा आहे. नव्याला स्वस्तात बोलवायचं, १८ किंवा २४ महिन्यांचा करार करायचा आणि करार संपला की दर चढवायचा. ज्याचं लक्ष असतं तो दुसरीकडे जातो, नाहीतर भांडून दर उतरवून घेतो. जो गप्प बसतो तो भरतो. गप्प बसणाऱ्यांत म्हातारी माणसं जास्त. ‘सिटिझन्स ॲडव्हाइस’ या इथल्या जुन्या सल्ला-संस्थेने सप्टेंबर २०१८ मध्ये याविरुद्ध स्पर्धा-नियामकाकडे रीतसर तक्रार केली. मोबाइल, ब्रॉडबँड, घराचा विमा, गृहकर्ज आणि बचत खाती एवढ्या पाच बाजारांत मिळून जुन्या गिऱ्हाइकांकडून वर्षाला ४.१ अब्ज पौंड जादा जातात, असा तिचा हिशेब होता. नियामकाने तो आकडा फेटाळला नाही.

माझ्या ओळखीच्या एका काकूंचं बिल या सगळ्याचा चांगला नमुना आहे. काका डॉक्टर. सत्तरच्या दशकात इथल्या सरकारी आरोग्यसेवेत आले आणि लेस्टरमध्येच स्थिरावले. ते जाऊन तीन-चार वर्षं झाली. काकू आता ऐंशीच्या घरात आहेत. मुलगी बर्मिंगहॅमला असते. तिने एका रविवारी मला बोलावलं, कारण बिल महिन्याला शंभर पौंडांच्या वर गेलं होतं. रुपयांत सांगायचं तर बारा हजारांच्या आसपास. घरात बघणारं माणूस एक.

बिल उलगडत गेलो तसतसा त्या घराचा इतिहासच निघायला लागला. सगळ्यांत मोठी रक्कम खेळांच्या वाहिन्यांची. काकू क्रिकेट बघत नाहीत, बघायचे काका. २००५ ची ॲशेस मालिका आठवत असेल. इंग्लंडने घरच्या मैदानावर खेळलेली आणि मोफत वाहिनीवर थेट दिसलेली ती शेवटची कसोटी मालिका. त्यानंतर हक्क ‘स्काय’कडे गेले आणि क्रिकेट बघायचं तर पैसे मोजणं आलं. २००६ च्या उन्हाळ्यात या देशातल्या कितीतरी घरांप्रमाणे काकांच्या घरावरही छत्री बसली. काका गेले, तरी क्रिकेटचे पैसे दर महिन्याला जातच होते. वरच्या खोलीतल्या दुसऱ्या टीव्हीच्या खोक्याचं भाडं वेगळं. त्या खोलीत आता कुणी झोपत नाही.

दुसरी रक्कम भारतात फोन करण्याच्या सवलतीची. एके काळी ती लाखमोलाची होती. काकूंनी पुण्याला ट्रंक कॉल लावलेत, नंतर दुकानातून कॉलिंग कार्डं आणून त्यांचे आकडे खरवडलेत, आणि मग ही मासिक योजना घेतली. आता काकू आपल्या बहिणीशी व्हॉट्सॲपवर रोज बोलतात, व्हिडिओवर. योजना मात्र कुणी बंद केली नव्हती.

तिसरी गंमत घरच्या फोनची. योजनेत मोफत कॉल होते, पण ते संध्याकाळचे आणि शनिवार-रविवारचे. काकू फोन करतात सकाळी आठला, कारण इथे डॉक्टरची वेळ हवी असेल तर दवाखान्याच्या फोनवर आठच्या ठोक्याला तुटून पडावं लागतं. लागला की रांगेत ताटकळायचं, आणि त्या ताटकळण्याचे मिनिटागणिक पैसे. शिवाय कुणाचा नंबर हवा असला की ११८ ने सुरू होणाऱ्या चौकशीसेवेला फोन करायची त्यांची जुनी सवय. या सेवांचे दर इतके बोकाळले होते की दूरसंचार नियामक ‘ऑफकॉम’ला २०१९ मध्ये दीड मिनिटाला ३.६५ पौंडांची कमाल मर्यादा घालावी लागली. ही मर्यादा, म्हणजे याहून जास्त घेणारेही होते.

मुलीने कंपनीला फोन लावला. पलीकडच्या माणसाने अगदी नम्रपणे सांगितलं की खातेदाराशिवाय कुणाशी बोलता येणार नाही. खातेदार काका. मग मृत्यूचा दाखला, शोकग्रस्तांसाठीचा वेगळा विभाग, खातं काकूंच्या नावावर करणं. हे सगळं होऊन पुन्हा फोन केला तेव्हा काकूंना शेजारी बसवून ‘माझ्या मुलीशी बोला’ एवढं वाक्य त्यांच्या तोंडून वदवून घ्यावं लागलं. ते वाक्य झाल्यावर काकू पलीकडच्या माणसाला ‘तुम्हाला त्रास देतोय, सॉरी’ असंही म्हणाल्या. मुलीने कपाळाला हात लावला. ही पिढी इंग्रजांकडून काही शिकली असेल तर हे: ज्याने आपले पैसे घेतले त्याचीच माफी मागायची.

घासाघीस करायचीही इथे एक रीत आहे. फोन लागल्यावर यंत्र पर्याय वाचून दाखवतं. त्यातला ‘सेवा सोडण्याच्या विचारात आहात’ हा पर्याय निवडायचा. बिलाच्या चौकशीला बसलेल्या माणसाला दर कमी करायचा अधिकार नसतो. गिऱ्हाईक टिकवायला बसलेल्याला असतो. दुसऱ्या कंपनीचा दर समोर लिहून ठेवायचा आणि पहिली सवलत नाकारायची. मार्टिन लुईस नावाचा पत्रकार गेली वीसेक वर्षं टीव्हीवरून आणि वर्तमानपत्रांतून हेच शिकवतोय, आणि त्याला इथे मंत्र्यांपेक्षा जास्त मान आहे. सरकारची कामं सरकारने धड केली असती तर या माणसाचा धंदा इतका चालला नसता, असं मला नेहमी वाटतं.

सरकारने काहीच केलं नाही असं मात्र नाही. फेब्रुवारी २०२० पासून करार संपण्याच्या १० ते ४० दिवस आधी कंपनीने कळवायचं आणि आपला सगळ्यांत चांगला दर सांगायचा, असा नियम आहे. सप्टेंबर २०२४ पासून कंपनी बदलणं सोपं झालं: नव्या कंपनीला सांगायचं, जुनीशी तीच बोलते. बहुतेक कंपन्या ‘ओपनरीच’ या तारांचं जाळं सांभाळणाऱ्या कंपनीचीच तार वापरतात, त्यामुळे कंपनी बदलली तरी बहुतेक वेळा घरात येणारी तार बदलत नाही, बदलतं फक्त बिलावरचं नाव. जानेवारी २०२५ पासून नव्या करारांत महागाईशी जोडलेली दरवाढ चालत नाही. वाढ करायचीच तर ती पौंड-पेन्समध्ये आधी सांगायची. त्याआधी ‘महागाईचा दर अधिक ३.९ टक्के’ असं कलम सर्रास असे. २०२३ च्या वसंतात त्यामुळे कित्येकांचं बिल कराराच्या मध्येच १४.४ टक्क्यांनी वाढलं होतं.

नियम चांगले आहेत, पण प्रत्येक नियम शेवटी गिऱ्हाइकानेच काहीतरी करावं म्हणतो. पत्र वाचा, ताडून बघा, फोन करा. काकूंकडे ती पत्रं आलीही होती. त्यांनी ती जाहिराती समजून नीट घडी करून ठेवली होती. मासिक भाडं आपोआप उतरावं असं इथे एकदाच झालेलं मला माहीत आहे. ज्यांच्याकडे ब्रॉडबँड नाही, फक्त घरचा फोन आहे, अशा म्हाताऱ्यांकडून ‘बीटी’ ही जुनी टेलिफोन कंपनी फार भाडं घेते असं ऑफकॉमने २०१७ मध्ये दाखवून दिलं, आणि एप्रिल २०१८ पासून ते महिन्याला ७ पौंडांनी उतरलं. मागच्या वर्षांच्या भरपाईसाठी मग सामूहिक दावा झाला. डिसेंबर २०२४ मध्ये स्पर्धा न्यायाधिकरणाने निकाल दिला: भाव वाजवीपेक्षा जास्त होता, पण अन्याय्य नव्हता. दावा फेटाळला. हे वाक्य लिहायला ब्रिटिश न्यायाधीशच हवेत.

गरिबांसाठी स्वस्त ब्रॉडबँडच्या योजना आहेत, साधारण १५ ते २० पौंडांत, पण त्या सरकारी मदत घेणाऱ्यांनाच मिळतात, आणि पात्र घरांतल्या जेमतेम दहातल्या एकाने त्या घेतल्या आहेत. निवृत्तांसाठी या योजनांचं दार म्हणजे ‘पेन्शन क्रेडिट’, तुटपुंज्या पेन्शनवर सरकार देतं ती भर. त्याच दारातून पंच्याहत्तरीनंतर टीव्हीचा परवानाही फुकट मिळतो.

परवाना म्हटल्यावर इथल्या तरुण मराठी मुलांना हसू येतं. आपल्याकडे पोस्टात जाऊन रेडिओचा परवाना काढलेली पिढी मात्र हसणार नाही. भारतात तो १९८० च्या दशकात गेला. इथे टीव्हीचा परवाना १९४६ पासून आहे तो आहेच, आणि त्याच्या पैशावर बीबीसी चालते. एप्रिल २०२५ मध्ये तो वर्षाला १७४.५० पौंड झाला. २००० च्या नोव्हेंबरपासून पंच्याहत्तरीपुढच्या सगळ्यांना तो माफ होता. तो खर्च सरकारने पुढे बीबीसीच्या गळ्यात घातला, आणि बीबीसीने ऑगस्ट २०२० पासून माफी फक्त पेन्शन क्रेडिटवाल्यांपुरती ठेवली. काकूंना काकांची पेन्शन आहे, त्यांची तक्रार नाही. पण त्यांच्या शेजारची इंग्रज बाई, शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म काढलेली, मर्यादेच्या आठवड्याला काही पौंड वर आहे. तेवढ्यासाठी परवाना पूर्ण, स्वस्त ब्रॉडबँड बंद. तिच्यापेक्षा थोडं कमी मिळवणारी तिच्यापेक्षा सुखात आहे, आणि हे तिला माहीत आहे.

परवाना काढून टाकू या, असं मुलीचं म्हणणं होतं. आई बघते कुठे बीबीसी? हा इथला नेहमीचा गैरसमज. कुठलीही वाहिनी प्रसारण चालू असताना थेट बघितली की परवाना लागतो. मग ती बीबीसी असो, की मोबाइलवर ॲपमधून चालू असलेली भारतातली बातम्यांची वाहिनी. बीबीसीचं आयप्लेअर वापरलं तरी लागतो. झी५ वर काल झालेली मराठी मालिका आज बघितली तर लागत नाही. काकू मालिका अशाच बघतात. पण सहाच्या बातम्या आणि जूनअखेरीस सुरू होणारं विम्बल्डन त्या चुकवत नाहीत. परवाना ठेवला. माझ्या मते तो महाग नाही. महाग बाकीचं होतं.

खेळ गेले, वरचं खोकं गेलं, भारताची योजना गेली. मोफत वाहिन्यांसाठी टीव्हीच्या आतच सोय असते. वॉल्थमच्या प्रसारण-मनोऱ्याकडे तोंड केलेला जुना ॲन्टेना छपरावर अजून होता, तो कामाला आला. बिल निम्म्याहून खाली उतरलं. त्याच जोरावर मुलगी म्हणाली की घरचा फोनही काढून टाकू, मोबाइल आहेच. इथे मात्र काकूंनी ठाम नकार दिला. नंबर पूर्वीचाच आहे. १९९५ मध्ये लेस्टरचा कोड ०५३३ वरून ०११६ झाला आणि नंबराच्या आधी एक २ लागला, तेव्हा काकूंनी पुण्या-नाशकातल्या प्रत्येक नातेवाइकाला एरोग्राम टाकून तो कळवला होता. ‘अरे, कुणाकडे अजून तोच असेल,’ त्या मला म्हणाल्या. मुलीला हा भाबडेपणा वाटला. मला काकूंची बाजू पटली, पण कारण वेगळं होतं.

काकूंच्या गळ्यात एक बटण असतं. पडल्या, की ते दाबायचं. भिंतीशी ठेवलेलं यंत्र टेलिफोनच्या तारेवरून मदत केंद्राला फोन लावतं. या देशात जवळजवळ वीस लाख माणसं अशा बटणाच्या भरवशावर राहतात. जुन्या तांब्याच्या तारेत वीज एक्स्चेंजमधून यायची, म्हणून घरची वीज गेली तरी फोन चालायचा. ते सगळं जाळं आता बंद होतंय. आधी मुदत डिसेंबर २०२५ होती. फोन बदलल्यावर काही ठिकाणी बटणं दाबूनही पलीकडे फोन लागला नाही, असं २०२३ अखेरीस उघड झालं. मग घाई थांबली आणि नवी मुदत ३१ जानेवारी २०२७ ठरली. नवा फोन राउटरवर चालतो आणि वीज गेली की राउटर मरतो. जे घरच्या फोनवर अवलंबून आहेत त्यांना कंपनीने निदान तासभर टिकेल अशी सोय द्यावी असा ऑफकॉमचा दंडक आहे. पण आपण अवलंबून आहोत हे कंपनीला कळवायचं कुणी? पुन्हा गिऱ्हाइकाने. स्वस्त कंपनी शोधताना संगणकावर एक बटण दाबून फोन बदलणारी मुलं हे विचारायलाच विसरतात, आणि आईच्या गळ्यातलं बटण दिसायला तसंच राहतं.

म्हणून आम्ही कंपनी बदलली नाही. आहे तिथेच दर उतरवून घेतला, काकूंच्या नावापुढे बटणाची नोंद करून घेतली आणि ती नोंद लेखी मागवली. दराच्या बाबतीत यात काही पौंड हातचे गेले, हे मुलीने मला ऐकवलं.

नवा करार २४ महिन्यांचा आहे. तो संपेपर्यंत टेलिफोनचं जुनं जाळं बंद झालेलं असेल. बीबीसीच्या सनदेची मुदतही डिसेंबर २०२७ ला संपतेय आणि परवाना राहणार की जाणार यावर आतापासूनच वाद पेटलाय. तेव्हा हे सगळं पुन्हा एकदा करावं लागणार. मुलीने कंपनीला पत्रव्यवहारासाठी स्वतःचा पत्ता दिलाय, आणि बटणाचं यंत्र नव्या फोनवर चालेल का, याचं उत्तर ते बसवणाऱ्यांकडून अजून यायचंय.