ऊन पाण्याचे स्वतंत्र कुंड : जपानी रयोकान निवडताना

जपानच्या वाकायामा प्रांतात कोयासान नावाचे एक डोंगरी गाव आहे. भिक्खू कुकाई यांनी इ. स. ८१६ मध्ये तेथे विहाराची स्थापना केली. या गावातील विद्यापीठात २०१५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले आणि कोयासानचे नाव आपल्या घराघरांत पोहोचले. जपानला जाण्याचा बेत आखणाऱ्या आपल्या कुटुंबांनी त्या पुतळ्यापुढे उभे राहण्याची इच्छा धरावी हे ओघानेच आले.

परंतु मुक्काम कोठे करायचा हे ठरविताना एक अडचण पुढे येते. जपानी पद्धतीच्या निवासगृहाला 'रयोकान' म्हणतात आणि नैसर्गिक ऊन पाण्याच्या झऱ्याला 'ओन्सेन' म्हणतात. चांगल्या रयोकानची कीर्ती त्याच्या ओन्सेनवरच उभी असते. तेथे पुरुषांचे कुंड वेगळे आणि स्त्रियांचे वेगळे असते हे खरे. पण आत सर्वांनी विवस्त्र उतरायचे, अशी रीत आहे. पोहण्याचा पोशाख चालत नाही. आपल्याकडील आई, आजी, सासूबाई हे ऐकताच "मी आपली खोलीतच बसते" म्हणतील. लेकीसमोर किंवा सुनेसमोरही त्यांना संकोच वाटेल. म्हणूनच स्वतंत्र, म्हणजे आपल्यापुरते कुंड असलेले रयोकान शोधावे लागते. ते कसे निवडावे आणि मुळात कोणासाठी निवडावे, याचा विचार या लेखात करू.

रयोकान म्हणजे काय?

रयोकानमध्ये खोलीला तातामी म्हणजे गवती चटयांची जमीन असते. दारात पादत्राणे काढायची. रात्री जमिनीवर गाद्या घालून दिल्या जातात. घालायला युकाता नावाचा सुती अंगरखा मिळतो. तो नेसताना डावी बाजू उजवीवर घ्यावी. उलट पद्धत तेथे मृतदेहासाठी आहे.

भाड्याचा हिशेब मात्र आपल्या लॉजपेक्षा निराळा असतो. दर बहुधा खोलीमागे नसून माणशी असतो आणि त्यात रात्रीचे जेवण व सकाळची न्याहारी धरलेली असते. चौघांच्या कुटुंबाने खोलीचा दर समजून पैसे बाजूला ठेवले, तर तेथे गेल्यावर तोंडचे पाणी पळेल. याखेरीज स्नानाचा स्थानिक कर असतो. तो बऱ्याच ठिकाणी माणशी दिवसाला १५० येन आहे. दुपारी तीनच्या सुमारास खोली मिळते आणि सकाळी दहाच्या सुमारास सोडावी लागते. उशिरा पोहोचलात तर जेवण आणि स्नान, दोन्हींची घाई होते.

स्वतंत्र कुंडाचे दोन प्रकार

पहिला प्रकार म्हणजे 'काशिकिरी'. रयोकानमध्ये एखादे लहान कुंड वेगळे ठेवलेले असते आणि ते पाळीपाळीने एकेका कुटुंबाला दिले जाते. आतून कडी लावायची आणि साधारण पाऊण ते एक तास आपला. काही ठिकाणी हे विनामूल्य असते, काही ठिकाणी वेगळे पैसे पडतात. मध्यमवर्गीय कुटुंबाला हाच प्रकार परवडतो. पाळी आगाऊ राखून ठेवता येते की गेल्यावर नाव नोंदवावे लागते, एवढे मात्र आधी विचारावे. सुट्टीच्या दिवसांत संध्याकाळच्या पाळ्या लवकर भरतात.

दुसरा प्रकार म्हणजे खोलीलाच जोडलेले कुंड. पहाटे, मध्यरात्री, केव्हाही उतरावे. वृद्ध माणसांना आणि लहान मुलांच्या आईला हे फार सोयीचे पडते, पण खर्च बराच वाढतो. शिवाय येथे फसगत होण्याचा संभव असतो. खोलीला कुंड आहे म्हणजे त्यात झऱ्याचेच पाणी आहे असे नव्हे. कित्येक ठिकाणी मोठ्या सार्वजनिक कुंडात झऱ्याचे पाणी असते आणि खोलीतील कुंडात साधे नळाचे तापवलेले पाणी सोडतात. म्हणून "खोलीतल्या कुंडात ओन्सेनचे पाणी आहे का?" हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारावा.

पाण्याची पारख

ओन्सेन कशाला म्हणावे हे जपानने १९४८ च्या कायद्याने ठरविले आहे. जमिनीतून निघताना पाणी २५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून ऊन असावे, नाहीतर ठरलेल्या १९ द्रव्यांपैकी किमान एक तरी ठरावीक प्रमाणात त्यात असावे. म्हणजे झरा थंड असूनही तो कायद्याने ओन्सेन ठरू शकतो आणि मग पाणी तापवून वापरतात.

२००४ साली नागानो प्रांतातील शिराहोने येथे, दुधाळ पाण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या गावात, काही कुंडांत रंग येण्यासाठी भुकटी मिसळली जात असल्याचे उघडकीस आले. देशभर गवगवा झाला. पुढच्याच वर्षी नियम झाला, की झऱ्याच्या पाण्यात साधे पाणी मिसळले आहे का, ते तापवले आहे का, तेच पाणी गाळून फिरवले जाते का आणि त्यात काही द्रव्य किंवा जंतुनाशक घातले आहे का, हे स्नानगृहात फलकावर लिहावे. 'गेन्सेन काकेनागाशी' असे शब्द दिसले तर समजावे, की झऱ्याचे पाणी अखंड येते आणि वाहून जाते.

फिरवलेले पाणी वाईटच, असा मात्र समज करून घेऊ नये. २००२ साली मियाझाकी प्रांतातील ह्युगा येथे एका ओन्सेनमध्ये लेजिओनेला नावाच्या जंतूंमुळे सात जण दगावले. फिरवलेल्या पाण्यात क्लोरीन घालतात ते अशा जंतूंसाठी. पाणी वाहते असो की फिरवलेले, स्वच्छतेला पर्याय नाही.

स्वतंत्र कुंड कोणासाठी?

आपल्या कुटुंबांच्या दृष्टीने पहिली अडचण येते ती गोंदणाची. जपानमध्ये गोंदण हे गुन्हेगारी टोळ्यांचे चिन्ह मानले गेल्यामुळे अनेक ओन्सेनमध्ये गोंदलेल्या व्यक्तीस सार्वजनिक कुंडात घेत नाहीत. आपल्या आजीच्या कपाळावर आणि हातांवर हिरवे गोंदण असते. आपल्या कितीतरी तरुणांच्या दंडावर बाबासाहेबांचे नाव किंवा धम्मचक्र असते. त्यांना कोण सांगणार, की हे गुंडाचे लक्षण नव्हे? २०१३ साली न्यूझीलंडमधील एका माओरी स्त्रीला तिच्या चेहऱ्यावरील पारंपरिक गोंदणामुळे होक्काइदो बेटावरील एका ओन्सेनने प्रवेश नाकारला. २०१६ साली जपानच्या पर्यटन खात्याने अशा पाहुण्यांना सामावून घेण्याचे आवाहन केले. तरी प्रत्येक ठिकाणचा नियम आजही वेगळा आहे. म्हणून घरात कोणाला गोंदण असेल, तर सार्वजनिक कुंडाचा नियम आधी विचारावा किंवा सरळ काशिकिरी घ्यावे.

दुसरी गोष्ट शस्त्रक्रियेची. स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या भगिनींना इतरांच्या नजरेची धास्ती वाटते. त्यांच्यासाठी जपानमध्ये खास स्नानवस्त्र निघाले आहे आणि ते घालून सार्वजनिक कुंडात उतरण्याची मुभा अनेक ठिकाणी मिळते. तरीही पहिल्या वेळी एकांत हवासा वाटला तर त्यात वावगे काही नाही.

तिसरी गोष्ट अपंग किंवा वृद्ध माणसांची. वडिलांना धरून उतरविणारी व्यक्ती मुलगी असेल, तर स्त्री-पुरुषांच्या वेगळ्या कुंडांत तो प्रश्न सुटत नाही. तेथे स्वतंत्र कुंड हाच मार्ग. २०२४ च्या एप्रिलपासून जपानमध्ये खासगी व्यावसायिकांनाही अपंग ग्राहकांसाठी वाजवी सोय करणे कायद्याने बंधनकारक झाले आहे. तेव्हा पायऱ्या किती, धरायला दांडी आहे का, चाकाची खुर्ची कुठपर्यंत जाते, हे निःसंकोच विचारावे.

दार कोणाला बंद झाले?

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. स्वतंत्र कुंड आपण स्वतःहून मागणे वेगळे आणि "तुम्ही आमच्या पाण्यात नको" म्हणून आपल्याला बाजूला काढणे वेगळे. १९२७ च्या चवदार तळ्याचा इतिहास ज्यांच्या घरात सांगितला जातो, त्यांना हा भेद वेगळा समजावून देण्याची गरज नाही.

जपानमध्येही हे घडले आहे. होक्काइदो बेटावरील ओतारू शहरात एका ओन्सेन स्नानगृहाने केवळ चेहऱ्यावरून परदेशी ठरवून लोकांना परत पाठविले. त्यांच्यापैकी एकाने तर जपानचे नागरिकत्वही घेतले होते. तिघे जण न्यायालयात गेले आणि २००२ साली साप्पोरोच्या जिल्हा न्यायालयाने प्रत्येकी १० लाख येन भरपाई देण्याचा निकाल दिला.

त्याहून जिव्हारी लागणारी घटना २००३ ची. कुमामोतो प्रांतातील कुष्ठरोग निवासातील बरे झालेले वृद्ध रहिवासी कुरोकावा या ओन्सेनच्या गावी सहलीला जाणार होते. तेथील एका हॉटेलने इतर पाहुण्यांना त्रास होईल असे सांगून त्यांना नाकारले. हे लोक कधीच बरे झालेले होते. त्यांना समाजापासून तोडणारा कायदाही १९९६ साली रद्द झाला होता. प्रांताच्या शासनाने हॉटेलवर कारवाई केली आणि पुढच्या वर्षी ते बंद पडले. पण त्या काळात सहानुभूतीऐवजी शिव्याशापांची कितीतरी पत्रे त्या वृद्धांनाच आली. कायदा बदलला तरी मन बदलायला वेळ लागतो, तो असा.

आणि हे त्या देशात घडले, जेथे आठव्या शतकातील कोम्यो सम्राज्ञीची कथा मुलांना सांगतात. नारा येथील होक्केजी विहारात तिने हजार लोकांना स्वतःच्या हाताने न्हाऊ घालण्याचा संकल्प केला. शेवटचा माणूस कुष्ठरोगी निघाला. ती मागे हटली नाही आणि तो तर अक्षोभ्य बुद्धच होता, असे कथा सांगते. कथेतील चमत्कार सोडून द्यावा. पाणी कोणाचे, याचे उत्तर तेवढे घ्यावे.

वाकायामातील एक मार्ग

कोयासानला जाणाऱ्यांनी प्रवास थोडा दक्षिणेकडे वाढविला, तर हे उत्तर प्रत्यक्ष पाहता येते. कोयासानवर एकेकाळी स्त्रियांना प्रवेश नव्हता. ती बंदी सरकारने १८७२ साली उठविली. डोंगराच्या दाराशी स्त्रियांसाठी बांधलेले 'न्योनिन्दो' हे सभागृह आजही उभे आहे. लेकीबाळींना ते अवश्य दाखवावे. येथे सुमारे पन्नास विहारांत राहण्याची सोय आहे आणि त्यांपैकी फुकुची-इन विहारात ओन्सेनही आहे. विहारातील जेवण मांस-मासळीविना असते. शाकाहारी कुटुंबांना याचे मोल कळेल, कारण इतर रयोकानांत भाजीच्या रश्श्यातही माशाचा अर्क असतो.

दक्षिणेला कुमानोचा डोंगराळ भाग लागतो. कुमानोची वाट पूर्वीपासून स्त्रियांना आणि आजाऱ्यांनाही खुली होती. तेथे युनोमिने नावाचे लहानसे ओन्सेनचे गाव आहे. ओढ्याच्या काठी 'त्सुबोयु' नावाची दोन-तीन माणसे मावतील एवढी लाकडी खोपटी आहे. २००४ साली जाहीर झालेल्या जागतिक वारशाच्या मार्गात तिचा समावेश आहे. लोककथेप्रमाणे ओगुरी नावाच्या, रोगाने विद्रूप झालेल्या माणसाला वाटेवरच्या अनोळखी लोकांनी गाड्यावरून ओढत येथवर आणले आणि ४९ दिवसांच्या स्नानाने तो बरा झाला. आज कोणीही यावे, पाळी लावावी आणि अर्धा तास दार लावून स्नान करावे. येथे एकांत आहे, पण तो सर्वांच्या वाट्याला सारखा येतो. गावात उकळत्या पाण्याची एक जागा आहे, तेथे लोक अंडी आणि रताळी उकडतात. मुलांना ती गंमत वाटेल.

निघण्यापूर्वी हे विचारा

१. दर माणशी आहे का? जेवण त्यात धरले आहे का?
२. स्वतंत्र कुंड खोलीला आहे की पाळीने मिळते? किती वेळ?
३. त्या कुंडात झऱ्याचे पाणी आहे का?
४. गोंदणाविषयी नियम काय?
५. मासे-मांस वर्ज्य असल्यास जेवणाची सोय होईल का?

कुंडात उतरण्यापूर्वी बाहेर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवावे, केस वर बांधावेत, पंचा पाण्यात बुडवू नये. स्वतंत्र कुंडातही हे पाळावे, कारण आपल्यानंतर दुसरे कुटुंब येणार असते. गंधकाच्या पाण्यात चांदी काळी पडते, म्हणून जोडवी आणि पैंजण आधी काढून ठेवावीत. मद्य घेतल्यावर किंवा भरल्या पोटी उतरू नये. रक्तदाब आणि हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच जावे व थोडाच वेळ बसावे. गरोदर स्त्रियांनी ओन्सेन टाळावे, असा सरकारी इशारा पूर्वी असे. तो २०१४ साली काढून टाकण्यात आला. तरी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घेतलेला बरा.

ज्यांना परदेश परवडत नाही, त्यांनी मन लहान करू नये. महाडजवळ सव येथे, तसेच वज्रेश्वरी-अकलोलीलाही ऊन पाण्याचे झरे आहेत. पण जपानला गेलातच, तर आजीच्या सोयीसाठी, आईच्या संकोचासाठी, वडिलांच्या गुडघ्यांसाठी स्वतंत्र कुंड जरूर घ्या. फक्त शरमेपोटी घेऊ नका. अंगावरचे गोंदण, शस्त्रक्रियेचा व्रण किंवा म्हातारपणाच्या सुरकुत्या यांत लाजण्यासारखे काही नाही, हे मुलांना घरातूनच कळू द्या. आणि ज्यांना संकोच वाटत नसेल, त्यांनी एकदा तरी सर्वांच्या कुंडातही उतरून पाहावे. तेथे ना कपडा असतो, ना हुद्दा. गळ्यापर्यंत पाण्यात बसलेली माणसे तेवढी असतात.