ब्रशरहित चलित्राचे वेगनियंत्रण, सूक्ष्मनियंत्रकाद्वारे

ब्रशरहित विद्युत् चलित्राचा (मोटरचा) वेग कमीजास्त करणाऱ्या इलेक्ट्रॉनीय वेगनियंत्रकास सूक्ष्मनियंत्रकाकडून ठराविक कालावधीचे विद्युत् स्पंद पुरवून चलित्र चालविण्याची पद्धत. ड्रोन, प्रतिकृती विमाने व नौका, तसेच प्रायोगिक यंत्रे यांत ती वापरतात.

नेहमीच्या एकदिश प्रवाह चलित्रात गुंडाळ्यांतील प्रवाहाची दिशा बदलण्याचे काम दिक्‌परिवर्तक व त्यावर घासणारे ब्रश करतात. घर्षणाने ब्रश झिजतात व ठिणग्या पडतात. हे काम घन-अवस्था प्रयुक्तींकडे सोपविणाऱ्या यंत्राचे वर्णन टी. जी. विल्सन व पी. एच. ट्रिकी यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केले. ब्रशरहित चलित्रात फिरत्या भागावर (घूर्णकावर) चिरचुंबक व स्थिर भागावर सामान्यतः तीन गुंडाळ्या असतात [⟶ विद्युत् चलित्र].

वेगनियंत्रकाचे कार्य : वेगनियंत्रकातील सहा ट्रँझिस्टर घटमालेचा प्रवाह तीन गुंडाळ्यांकडे क्रमाने वळवितात. साध्या प्रकारात एका वेळी दोन गुंडाळ्यांतून प्रवाह जातो व तिसरी मोकळी राहते. घूर्णक फिरत असता या मोकळ्या गुंडाळीत विरोधी विद्युत् चालक प्रेरणा उत्पन्न होते. ती शून्यातून जाते त्या क्षणावरून घूर्णकाची स्थिती कळते. चलित्र थांबलेले असता ही प्रेरणा नसते. म्हणून आरंभी गुंडाळ्यांचा क्रम ठराविक गतीने बदलून घूर्णकास चालना द्यावी लागते. १४ ध्रुवांचे चलित्र दर मिनिटास १०,००० फेरे करीत असल्यास प्रवाहाची वाट सेकंदास ७,००० वेळा बदलावी लागते. याकरिता वेगनियंत्रकात बहुधा स्वतंत्र सूक्ष्मनियंत्रक असतोच. बाहेरील सूक्ष्मनियंत्रकाचे काम केवळ आज्ञा देण्याचे असते.

आज्ञास्पंद : रूढ पद्धतीत ही आज्ञा १,००० ते २,००० मायक्रोसेकंद कालावधीच्या स्पंदाने देतात व असा स्पंद सुमारे दर २० मिलिसेकंदांनी पाठवितात. १,००० मायक्रोसेकंदांचा स्पंद म्हणजे थांबणे व २,००० चा म्हणजे पूर्ण शक्ती होय. अर्थ स्पंदाच्या कालावधीत असतो. दोन स्पंदांमधील अंतर थोडे बदलले तरी आज्ञा बदलत नाही. १६ मेगॅहर्ट्‌झवर चालणाऱ्या सूक्ष्मनियंत्रकातील १६ अंकी (बिट) गणकास आठाने भागलेली कंप्रता दिल्यास त्याची प्रत्येक मोजणी अर्ध्या मायक्रोसेकंदाची होते. मग २० मिलिसेकंदांस ४०,००० व स्पंदास २,००० ते ४,००० मोजण्या लागतात. म्हणजे वेगाच्या २,००० पायऱ्या मिळतात. याउलट ८ अंकी गणकास १,०२४ ने भागलेली कंप्रता दिली, तर एक मोजणी ६४ मायक्रोसेकंदांची होऊन जेमतेम सोळा पायऱ्या उरतात व चलित्र धक्के देत वेग बदलते.

जोडणी व प्रारंभ : सूक्ष्मनियंत्रकाची संकेत तार वेगनियंत्रकास जोडतात. दोहोंच्या ऋण तारा एकत्र जोडणे आवश्यक असते. अन्यथा स्पंदाची पातळी ठरत नाही. वीज सुरू केल्यावर काही सेकंद किमान स्पंद मिळाल्याखेरीज बहुतेक वेगनियंत्रक चलित्र फिरू देत नाहीत. आरंभीच कमाल स्पंद मिळाल्यास अनेक वेगनियंत्रक तो आज्ञामर्यादा नोंदविण्याचा संकेत समजतात.

वेगाचे स्थिरीकरण : स्पंदाने प्रत्यक्ष वेग ठरत नाही, चलित्रास दिल्या जाणाऱ्या सरासरी विद्युत् दाबाचे प्रमाण ठरते. घटमालेचा दाब उतरला वा भार वाढला, तर त्याच स्पंदास वेग कमी होतो. ठराविक वेग हवा असल्यास प्रत्यक्ष फेरे मोजून, इष्ट वेगाशी असलेल्या फरकानुसार सूक्ष्मनियंत्रकाने स्पंद बदलत राहावे लागते.

सुरक्षितता : स्पंद बंद पडल्यास बहुतेक वेगनियंत्रक चलित्र थांबवितात, परंतु एवढ्यावर विसंबणे धोक्याचे असते. गणक एकदा सुरू केल्यावर तो आज्ञावलीच्या मदतीशिवाय स्पंद देत राहतो. त्यामुळे आज्ञावली मध्येच अडकली तरी शेवटचा स्पंद चालूच राहतो व पंखा त्याच वेगाने फिरत राहतो. वेगनियंत्रकास यात काहीच बिघाड दिसत नाही. यावर उपाय म्हणजे सूक्ष्मनियंत्रकातील पहारेकरी कालमापक होय. आज्ञावलीने त्यास ठराविक मुदतीत पुन:पुन्हा शून्यावर आणले नाही, तर तो सूक्ष्मनियंत्रकाचा पुनरारंभ करतो व स्पंद खंडित होतात. पुनरारंभानंतर आज्ञावलीने प्रथम किमान स्पंदच दिला पाहिजे. आज्ञावलीची चाचणी पंखा काढून ठेवूनच करावी.

अंकीय आज्ञा : डीशॉट या नंतरच्या पद्धतीत स्पंदाच्या कालावधीऐवजी १६ अंकांचा संदेश पाठवितात. त्यांपैकी ११ अंक आज्ञेचे, १ अंक माहिती परत मागविण्याचा व ४ अंक संदेशाच्या तपासणीचे असतात. यामुळे सदोष संदेश ओळखून टाकून देता येतो व आज्ञामर्यादा नोंदविण्याची गरज राहत नाही.